युकुलेलेवरचे जॅझ आर्पेजिओ आणि रूटची सवय

युकुलेलेवर जॅझचे आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचे) स्वर एकामागून एक वाजवणे, शिकायला घेतल्यावर पहिले सात महिने मी मेजर सेव्हन, मायनर सेव्हन आणि डॉमिनंट सेव्हन या चार स्वरांच्या कॉर्डचे आकार बाराही स्वरांवर घोटून घेतले. बोटे चांगली फिरू लागली होती. मग एका पियानो वाजवणाऱ्या मैत्रिणीने एका संथ रचनेच्या कॉर्ड धरल्या आणि त्यांवर वाजवताना माझा एकही स्वर चुकला नाही, तरीही ऐकायला ते पाढे म्हटल्यासारखे वाटत होते. त्या संध्याकाळची खंत अजून पुरती गेलेली नाही.

चूक अशी होती की प्रत्येक आर्पेजिओ मी रूटपासूनच, म्हणजे कॉर्डला जिचे नाव मिळते त्या मूळ स्वरापासूनच, सुरू करत असे. कॉर्ड बदलली की हात आधीचे सगळे सोडून नव्या रूटकडे उडी मारायचा, आणि त्या उडीत दोन कॉर्डमधला धागा तुटायचा. जॅझमध्ये कॉर्डची ओळख मुख्यतः रूटपासून मोजलेल्या तिसऱ्या आणि सातव्या स्वरावरून पटते. रूट बहुधा बेस वाजवणारा सांभाळतोच. डी मायनर सेव्हनमधला सातवा स्वर सी अर्धा स्वर, म्हणजे एक फ्रेट, खाली उतरला की जी सेव्हनचा तिसरा, म्हणजे बी, मिळतो; जी सेव्हनमधला सातवा एफ तसाच उतरला की सी मेजर सेव्हनचा तिसरा, म्हणजे ई, मिळतो. हे मला तोंडपाठ होते, पण हाताला ठाऊक नव्हते.

म्हणून आधी एवढेच करावे. डी मायनर सेव्हनसाठी तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (दांड्यावरच्या दुसऱ्या पट्टीवर) डी, दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर एफ, मोकळी पहिली तार म्हणजे ए, आणि तिच्याच तिसऱ्या फ्रेटवर सी. आता जी सेव्हनसाठी तिचा रूट जी शोधत न जाता त्याच तारेवर एक फ्रेट मागे येऊन बी घ्यावा आणि तिथून जी, एफ, डी असे खाली उतरावे. पुढच्या ठोक्याला सी मेजर सेव्हनसाठी मोकळ्या दुसऱ्या तारेचा ई, मग जी, बी, सी. एफ आणि डी यांनी दोन्ही बाजूंनी घेरल्यावर तो ई किती निवांत वाटतो, हे कानाने टिपावे. मेट्रोनोम (ठोके देणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवावा, आणि तरीही अडखळायला होत असेल तर 50 वर आणण्यात कसलाही कमीपणा नाही.

आकारांचे तयार तक्ते पाठ करणे हा आडमार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यातही गिटारचे तक्ते जसेच्या तसे उचलू नयेत, कारण युकुलेलेच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये चौथी तार उंच जीची असते आणि चौथीकडून पहिलीकडे जाताना स्वर क्रमाने चढत नाहीत. चौथी तार बदलून खालचा जी लावा, असे पुष्कळजण सुचवतात. त्याने खालचे काही स्वर वाढतात हे खरे, पण रूटची सवय तार बदलून सुटत नाही. मला उपयोगी पडले ते एका शिक्षकांचे सांगणे: वाद्य बाजूला ठेवून प्रत्येक कॉर्डचे चार स्वर कोणत्याही स्वरापासून सुरू करून म्हणून दाखवायचे. वेगाने वाजवून दाखवणारे शिक्षक बरेच भेटतात. असे थांबवून विचारणारे मिळाले तर त्यांना सोडू नये.

सुरुवातीचे काही आठवडे आधीपेक्षा वाईट जातील, वेग निम्म्यावर येईल आणि आपण विसरत चाललो आहोत असे वाटेल. घाबरू नये, माझेही तसेच झाले होते. मात्र याच काळात जुन्या आकारांकडे परतलात तर केलेली मेहनत वाया जाईल.

हे हातात बसल्यावर जी मायनर सेव्हन, सी सेव्हन आणि एफ मेजर सेव्हन घ्यावे. तिथे मोकळी तिसरी तार सी सेव्हनचा रूट आयताच देते आणि हात नेमका तिकडे धावतो. काही दिवस ती तार छेडूच नये. दुसऱ्या तारेवर एफ वाजवून बोट उचलावे आणि मोकळ्या ईवरून सी सेव्हनमध्ये शिरावे.