स्टुडिओत पळते, रिपोर्टमध्ये रखडते
महापेच्या ऑफिसात परवा हेच झालं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या मॅनेजमेंट स्टुडिओत (क्वेरी चालवायचं टूल) 2 सेकंदांत येणारी प्रोसिजर (डेटाबेसात साठवलेली क्वेरी) रिपोर्टमधून चालवली, की खाली जाऊन चहा पिऊन या! लगेच इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) लावायला धावू नका. स्टुडिओत 'अरिथअबॉर्ट' हे सेटिंग (गणितात चूक आली की क्वेरी थांबवणारं) मुळात ऑन असतं, रिपोर्टच्या कनेक्शनवर बहुधा ऑफ. म्हणून दोघांचे प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचे आराखडे, वेगवेगळे साठवले जातात. स्टुडिओत आधी 'सेट अरिथअबॉर्ट ऑफ' चालवा, मग रिपोर्टचेच पॅरामीटर (तारखांसारखी माहिती) देऊन प्रोसिजर. आता तीही रखडली? मग दोष बहुतेक त्या सेटिंगचा नाही, साठवलेल्या प्लॅनचा. आमचा प्लॅन एका दिवसाच्या तारखांवर बनलेला, आणि रिपोर्टला हवं अख्खं वर्ष. त्या क्वेरीच्या शेवटी कंसात रीकम्पाइल घालून 'ऑप्शन' जोडलं, सुटलो. सतत चालणाऱ्या क्वेरीला मात्र हे लावू नका, दर वेळी नवा प्लॅन बनवताना सीपीयू बोंबलतो.