रविवारची दुसरी झोप आणि स्वप्नातलं भान

तांबडा-पांढरा ओरपून दुपारी दोनला जी झोप लागते, तिला कोल्हापुरात तोड नाही. पण स्वप्न चालू असताना 'हे स्वप्न आहे' हे कळायला हवं असेल, म्हणजे लुसिड ड्रीम हवं असेल, तर ती झोप फारशी कामाची नाही. दुपारपर्यंत झोपेची भूक साचलेली असते, त्यामुळे अंग आधी गाढ झोपेत उतरतं. ठळक, गोष्टीसारखी स्वप्नं पडतात ती मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भरभर हलतात त्या टप्प्यात, आणि रेमचा जोर पहाटेपासून सकाळपर्यंत असतो. वीस मिनिटांच्या डुलकीत तर सहसा तिथवर पोचणंच होत नाही.

त्यामुळे दिवसाची झोप वापरायची तर सकाळची. सुट्टीचा दिवस धरा. शनिवारी रात्री ११ ला अंथरुणावर, ५ चा गजर. गजर झाला की खरंच उठायचं, पाय जमिनीला लावायचे, आणि ४५ ते ६० मिनिटं जागं राहायचं. स्टॅनफर्डमध्ये स्वप्नांवर संशोधन केलेल्या स्टीफन लाबर्ज यांच्या प्रयोगांतही हेच दिसलं होतं: सकाळच्या झोपेआधी तासभर जाग असेल तर भान येण्याची शक्यता वाढते. पाच मिनिटांत परत आडवं झालात, तर ती नुसती लोळण.

हा तास कसा घालवायचा, यावर पुढचं बरंच ठरतं. रंकाळ्यावर चक्कर मारून आलात तर अंग इतकं तरतरीत होतं की झोप येत नाही. गॅलरीत बसा, मंद दिव्यात रात्रीची स्वप्नं वहीत लिहा. मोबाईल नको. चहा नको, कारण अर्धं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात. मिसळीचं नाव तर साडेआठपर्यंत काढूच नका. आदल्या रात्री 'बसणं' झालं असेल तर तो रविवार सोडून द्या. दारू रात्रीच्या पहिल्या भागातली रेम दाबते आणि नंतरची झोप तुटक करते.

सहाच्या सुमाराला परत आडवं व्हा, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा निदान दुसऱ्या कुशीवर. गजर ९० मिनिटांनंतरचा. पेठेतल्या घरात सातला भाजीवाला ओरडणार, शेजारी मोटर चालू होणार. कानात बोळे घाला, पंखा जरा मोठा ठेवा. आता वहीतलं शेवटचं स्वप्न आठवा आणि त्यात विचित्र काय होतं ते नेमकं पकडा. समजा, वारलेले आजोबा स्कूटरवरून महाद्वार रोडला निघाले होते. तेच दृश्य डोळ्यांसमोर पुन्हा चालवा, पण या वेळी आजोबा दिसताच तुम्ही ओळखता की हे स्वप्न आहे. मग स्वतःशी म्हणा, 'आता स्वप्न पडलं की मला कळेल.' अर्थ मनात ठेवून म्हणा, जप करू नका. मन भरकटलं की पुन्हा तिथूनच. झोप लागेपर्यंत एवढंच काम.

ओळख पटवायची सवय मात्र दिवसभरात लावावी लागते. दोन कसोट्या पुरतात. पहिली, नाक चिमटीत धरून, तोंड मिटून श्वास घ्यायचा. स्वप्नात बहुतेक वेळा नाक बंद असूनही हवा आत येते. दुसरी, पाटी वाचायची, नजर हटवायची, पुन्हा वाचायची. जागेपणी 'अस्सल कोल्हापुरी चप्पल' दहादा वाचलं तरी तेच राहतं. स्वप्नात दुसऱ्या वाचनाला जोडाक्षर सुटतं, 'चप्पल'चं 'चपाती' होतं, नाहीतर अक्षरं नुसती वळवळतात. कसोटी घेताना खरोखर शंका घ्या. यंत्रासारखी घेतलीत तर स्वप्नातही यंत्रासारखीच घ्याल आणि 'जागाच आहे' म्हणून पुढे जाल.

भान आलं की पहिली चूक सगळ्यांची एकच: आनंदानं उडायला जायचं आणि पाच सेकंदांत जाग येते. म्हणून आधी थांबा. तळहात एकमेकांवर घासा, त्यांची ऊब जाणवू द्या. भिंतीला हात लावा, फरशीचा गारवा घ्या. स्वप्नातल्या शरीराला काम मिळालं की लक्ष अंथरुणातल्या शरीराकडे जात नाही. कडा धुरकट झाल्या, रंग उडाले, तर पुन्हा हात घासा किंवा जागच्या जागी गिरकी घ्या. एकाच वस्तूकडे टक लावू नका, नजर फिरती ठेवा. उडणं दोन मिनिटांनी.

तरीही जाग आली तर हलू नका. डोळे उघडू नका, कूस बदलू नका. आत्ताच्या दृश्याचा धागा धरून पडून राहा. सकाळच्या झोपेचा खरा फायदा हाच, की रेम जवळ असल्यानं मिनिटाभरात परत आत जाता येतं. आणि पूर्ण जागे झालात असं वाटलं तरी नाक एकदा धराच. उठून दात घासायला लागलोय असं खोटं जागेपण यात वरचेवर येतं.

कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. भूतबाधा नव्हे ती. रेममध्ये डोळ्यांचे आणि श्वासाचे स्नायू सोडून बहुतेक स्नायू शिथिल असतात. जाग आल्यावर ती शिथिलता सुटायला थोडा उशीर होतो, इतकंच. (१९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी भान असलेल्या स्वप्नाची पहिली नोंद मिळवली, तीसुद्धा झोपलेल्या माणसानं ठरवून केलेल्या डोळ्यांच्या हालचालींतूनच.) धडपडू नका, श्वास सावकाश सोडा, एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा.

आठवड्यातून एक-दोनदा, त्याहून जास्त नको. रोज पाचचा गजर लावलात तर झोपेची थकबाकी चढते आणि सगळी सकाळ डोकं जड राहतं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील किंवा खरं-खोटं यात गल्लत होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि कसलाही प्रयोग न करता रोज दुपारी डोळा लागताक्षणी स्वप्न सुरू होत असेल, दिवसा झोप आवरत नसेल, तर वही बाजूला ठेवून झोपेच्या डॉक्टरांना गाठा.