लाइफबोटच्या स्वयंसेवकांची पोर्ट्रेट कशी काढावीत

ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यांवर आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन) ही संस्था १८२४ पासून बुडणाऱ्यांना वाचवते आहे. तिच्या दोनशेहून अधिक केंद्रांवर बोटीत चढणारे बहुतेक जण स्वयंसेवक. कुणी शिक्षक, कुणी सुतार. पेजर, म्हणजे बोलावणं आल्याचं सांगणारं छोटं यंत्र, वाजला की हातातलं काम टाकून धावायचं. ही माणसं पोर्ट्रेटमध्ये दिसायला हवीत, नुसता गणवेश नव्हे.

१. आधी एकच केंद्र निवडा आणि तिथल्या प्रमुखांची लेखी परवानगी घ्या. पहिल्या दोन भेटींना कॅमेरा घरीच राहू द्या. सरावाच्या संध्याकाळी जा, ओळख वाढवा.

२. ट्रायपॉड आणि दिवे बोटीच्या वाटेत मांडू नका. पेजर वाजला तर समोरचा माणूस अर्ध्या फोटोतून उठून जाईल. त्याला जाऊ द्या. ही अट स्वतःच आधी सांगून टाकलीत की तो निर्धास्त बसतो.

३. उजेडाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. बोटहाउसचं, म्हणजे बोट ठेवायच्या इमारतीचं, मोठं दार उघडं ठेवून माणसाला आत, दारापासून दोन पावलांवर उभं करा. मऊ, एकाच बाजूचा उजेड मिळतो. समोरून फ्लॅश मारू नका. कपड्यांवरच्या परावर्तक पट्ट्या उजेड आला त्याच दिशेला परत फेकतात. फ्लॅश लेन्सजवळ असेल तर पट्ट्या पांढऱ्याफटक पडतात आणि चेहरा हरवतो. फ्लॅश लागलाच तर लेन्सपासून लांब, बाजूला ठेवा. पिवळ्या कपड्यांची झाक हनुवटीखाली उतरते; छातीशी, चौकटीबाहेर काळं कापड धरलं की ती बरीच कमी होते.

४. हेल्मेट काढायला सांगा. कपाळावरचा त्याचा वळ तसाच राहू द्या. बचावासाठी आलेल्या पहिल्या कॉलबद्दल विचारा, पण कुणाला वाचवता आलं नाही हे खोदून विचारू नका. तो विषय त्यांनीच काढला तर कॅमेरा खाली ठेवून ऐका.

५. किनाऱ्यावरच्यांना विसरू नका. ट्रॅक्टरवर बोट पाण्यात ढकलणारी बाई कधी समुद्रात जात नसेल, पण तिच्याविना बोटही जात नाही. माझ्या मते तिचं पोर्ट्रेट कॉक्सवेनच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या, इतकंच मोठं छापावं.

६. फोटोखालच्या ओळीत नाव, केंद्रातलं काम आणि रोजचा व्यवसाय लिहा. छापण्यापूर्वी ती ओळ ज्याची त्याला दाखवा. पहिली प्रत त्याच्या हातात द्या, दुसरी बोटहाउसच्या भिंतीसाठी.