शॉपफ्लोअरवर बदल रुजवताना: सातपूर-अंबडमध्ये नव्याने रुजू होणाऱ्या मॅनेजरांसाठी

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यात रुजू झालात की लवकरच एखादा बदल तुमच्याकडे सोपवला जातो. कागदी तपासणी रजिस्टर जाऊन टॅब्लेटवर नोंद, नाहीतर एका ऑपरेटरकडे दोन मशीन. निर्णय वरचा असला तरी तो टिकतो की नाही, हे लाइनवरच ठरतं.

अमेरिकेतल्या हारवुड या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. ज्या गटाला कामातला बदल नुसता कळवला, त्यातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत सोडून गेले आणि उत्पादन सावरलं नाही. जिथे सगळ्यांना आखणीत घेतलं, ते गट लवकर सावरले आणि जुन्या पातळीच्याही वर गेले.

आता टॅब्लेटचंच बघा. सुरुवातीला लाइनवर उभं राहून नोंदीचा वेळ मोजा. समजा कागदावर १० सेकंद लागतात आणि टॅब्लेटवर ४०. तासाला पाच नमुने धरले, तर आठ तासांच्या पाळीत २० मिनिटं जास्तीची गेली. तेलकट हातमोजे काढण्या-घालण्याचा वेळ वेगळाच. एवढा वेळ टार्गेटमधून वजा केला नाही, तर सगळ्या नोंदी पाळी संपताना एकदम भरल्या जातात. स्क्रीनवर आकडे दिसतात, तपासणी झालेलीच नसते. कामगारांचा विरोध म्हणून जे वर कळवलं जातं, त्यात असा न मोजलेला वेळ फार असतो.

सुरुवात एकाच लाइनवर, पहिल्या पाळीत करा. रात्रपाळीला अडचण सोडवायला माणूस हाताशी नसतो. लाइन सुपरवायझरला ऑपरेटरांच्या आधी सांगा, कारण पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. रजिस्टर बंद होण्याची तारीख आधीच फळ्यावर लिहा. दोन्ही नोंदी रेंगाळल्या की लोक कागदावरच परततात. दिंडोरी-निफाडकडच्या ज्या कामगारांच्या द्राक्षबागा आहेत, त्यांच्या रजा फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत वाढतात, तेव्हा प्रशिक्षण त्या महिन्यांत नको. सुरुवातीला उत्पादन घटेल, हे प्लँट हेडना आधीच लेखी कळवा, म्हणजे तिसऱ्याच दिवशी माघारीचा आदेश येणार नाही.

कामाचे तास, विश्रांतीची वेळ किंवा वेतन बदलणार असेल, तर कायद्याने सर्वसाधारणपणे २१ दिवसांची पूर्वसूचना लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती कलम ९-अ मध्ये होती, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० मध्ये आहे. एचआरने तपासल्याशिवाय असा कागद सूचना फलकावर लावू नका.