शिट्टीला सूर समजू नका

इलेक्ट्रिक गिटारला पेडल, म्हणजे आवाज बदलणारी पायाने दाबायची डबी, कसं जोडायचं, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ या आवाज फाडणाऱ्या पेडलांमध्ये फरक काय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मी थेट फीडबॅकवर, म्हणजे अँपच्या आवाजाने तार स्वतःच गात राहते त्यावर, आणि त्या चुकीवर येतो जिच्यात माझे आठ महिने गेले.

रावेर तालुक्यात आमचा केळीचा मळा आहे. गावात घराला घर लागून, म्हणून गिटार, ३० वॅटचा अँप आणि दोन पेडल घेऊन मी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत बसायचो. फीडबॅक यावा म्हणून डिस्टॉर्शन, त्याला जोडून फझ, दोन्हींचा गेन, म्हणजे आवाज किती फाडायचा ते बटण, शेवटापर्यंत. तीन-चार सेकंदांत कानात सुई शिरल्यासारखी किंचाळी यायची. मला वाटायचं, आला फीडबॅक, आता फक्त त्याला वळवायला शिकायचं. पण गिटारच्या दांडीवरची कुठलीही फ्रेट (पट्टी) दाबा, किंचाळी तीच. म्हणून मी तिसरं पेडल घेतलं. ती तरीही तीच. आपल्या हातातच काही नाही, असं वाटून रडू यायचं.

ती पिकअपची, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या गिटारवरच्या भागाची, शिट्टी होती. हा भाग सावकाश वाचा. फीडबॅकमध्ये स्पीकरचा आवाज हवेतून येऊन तारेला हलवतो, पिकअप ती हालचाल उचलतो, अँप ती मोठी करून परत स्पीकरला देतो. या फेऱ्यात तार आहे म्हणून सूर आहे, कारण तार आपल्या पटीतच थरथरते. पाचवी तार मोकळी वाजवली तर ११० हर्ट्झ. फीडबॅक तिला २२०, ३३०, ४४०, ५५० वर नेतो. ११० ला सा धरलं तर वरचा सा, त्यावरचा प, मग पुन्हा सा, आणि ५५० ला ग. तंबोऱ्यात न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार तो हाच.

शिट्टीच्या फेऱ्यात तार नसतेच. पिकअपमधली तांब्याची वेटोळी किंवा वरचं धातूचं झाकण सैल असेल, तर स्पीकरच्या आवाजाने तेच हलतं. म्हणून फ्रेट बदलली तरी शिट्टी बदलत नाही.

ओळखायचं कसं? किंचाळी चालू असताना तळहात सहाही तारांवर सपाट दाबून धरा. आवाज थांबला तर तो तारेचा. चालूच राहिला तर पिकअपचा. दहा सेकंदांची परीक्षा. व्हिडिओतून प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, विकणाऱ्या एकानेही ती मला सांगितली नाही. प्रीसेट विकत घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमची खोली त्या प्रीसेटमध्ये नसते.

शिट्टी निघाली तर आधी गेन निम्म्यावर आणा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर पिकअप मेणात बुडवून घ्यावा लागतो. हे जाणकाराकडूनच करून घ्या. मेण जास्त तापलं तर पिकअपचा प्लास्टिकचा सांगाडा वाकतो.

मला वाट दाखवली ती लग्नात बँजो वाजवणाऱ्या एका नानांनी. बँजो पार्टीत भोंग्यांसमोर आयुष्य गेलेला माणूस. खोलीत आले, दोन मिनिटं ऐकलं आणि अँपकडे बोट करून म्हणाले, "पेटीले कायले दोष देतो? तू उभा कुठी हाये ते पाह्य." मग खांद्याला धरून मला अँपपासून दीड पाऊल मागे नेलं आणि थोडं तिरपं उभं केलं. त्यांनी फझ बंद करायला लावला, डिस्टॉर्शनचा गेन निम्मा आणि अँपचा आवाज मोठा. चौथ्या तारेवर सातवी फ्रेट दाबली. सूर विरत गेला, विरत गेला, आणि मग मरायच्या ऐवजी उलटा फिरला. गिटारचं लाकूड बरगड्यांशी थरथरायला लागलं. फळीवरचा पत्र्याचा डबा वाजला. तळहात ठेवला, सगळं शांत.

पाऊल का महत्त्वाचं? ४४० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ७८ सेंटीमीटर. त्याच्या निम्मं, ३९ सेंटीमीटर सरकलात की जो सूर पोसला जात होता तोच दाबला जातो आणि दुसरा वर येतो. म्हणून फरशीवर टेपच्या खुणा करा. गळ्याकडचा पिकअप खालचे सूर धरतो, तारा जिथे टेकतात त्या ब्रिजकडचा वरचे. कॉम्प्रेसर, म्हणजे विरता आवाज उचलून धरणारं पेडल, तारेला जिवंत ठेवतं. मल्टी-इफेक्टमध्ये (अनेक पेडल एकातच असलेल्या यंत्रात) नॉइज गेट, म्हणजे बारीक आवाज कापणारी सोय, चालू असेल तर तो बंद करा, सूर उलटा फिरायच्या क्षणीच तो गळा दाबतो. आणि हेडफोन लावून तारेचा फीडबॅक येत नाही. हवा हललीच नाही तर तार कशाने हलणार? १९६४ मध्ये बीटल्सच्या 'आय फील फाइन' या रेकॉर्डच्या सुरुवातीला जो फीडबॅक आहे, तोही अँपशी टेकवलेल्या गिटारचाच.

जळगावात फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने काय करावं? बॉसचं १९८४ चं डीएफ-२ किंवा डिजिटेकचं २०१७ चं फ्रीकआउट, ही पेडल कमी आवाजातही फीडबॅकसारखा सूर देतात. वापरा, त्यात कमीपणा नाही. पण आधी एकदा तरी कुणाच्या मळ्यात जाऊन खरा ऐका.

दोन गोष्टी मात्र ऐकाच. बोर्डाला अर्थिंग नसेल तर अँप लावू नका. गिटारच्या तारा अँपच्या बॉडीशी जोडलेल्या असतात आणि त्यावर तुमची बोटं असतात. मळ्यातल्या जुन्या बोर्डांचा भरवसा धरू नका, वायरमन बोलवा. दुसरं, कान. ८५ डेसिबल आठ तास चालतं, १०० डेसिबल फक्त १५ मिनिटं. इअरप्लग घाला. आठ महिन्यांच्या त्या शिट्टीनंतर माझा डावा कान रात्री अजून वाजतो.

पहिले पंधरा दिवस काहीच आलं नाही तरी घाबरू नका. माझ्या खोलीत तीन लाल खुणा आहेत. पहिलीवर वरचा सा हमखास येतो, दुसरीवर प. तिसरीवर गंधार येतो, पण श्वास घेतला तरी मोडतो. आज संध्याकाळी लाइट आली की पुन्हा तिथेच उभा राहणार आहे.