या चुका टाळा: 'टू' लावायचं का 'आयएनजी'?

मी एकदा नोकरीच्या अर्जाच्या मेलमध्ये शेवटी झोकात लिहिलेलं, 'आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू'. पाठवून झाल्यावर मैत्रिणीला दाखवलं तर म्हणते, अरे 'मीटिंग यू' हवं ना तिथे. मी म्हटलं टूच्या पुढे आयएनजी कसं येईल, शाळेत तर टूच्या पुढे मूळ क्रियापद असंच घोकलंय. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं, म्हणून इथूनच सुरू करतो.

इंग्रजीत टू दोन आहेत आणि दिसायला अगदी जुळे. एक इन्फिनिटिव्हचा, म्हणजे टू गो, टू ईट वगैरे, आणि दुसरा साधा प्रिपोझिशन, म्हणजे इन, ऑन, फॉर ह्यांच्यासारखा नामाआधी येणारा शब्द. प्रिपोझिशनच्या पुढे नाम लागतं, तिथे क्रियापदच आणायचं असेल तर त्याला आयएनजी लावून नामासारखं वापरायचं, तेच जेरंड. मग ओळखायचं कसं, तर टूच्या पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू द ट्रिप' बरोबर वाटतं ना, मग तिथे 'मीटिंग यू'च येणार. 'आय वॉन्ट टू द ट्रिप' असं कोणी म्हणत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. 'यूज्ड टू'चा घोळ पण ह्यातलाच. 'आय यूज्ड टू वेक अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही, आणि 'आय अ‍ॅम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठायची सवय आहे. मधे एक 'अ‍ॅम' आला की सगळंच बदललं.

दुसरी चूक आपल्या मराठीतून येते. '-आयला' कानावर पडलं की हात आपोआप टू टाइप करतो. 'मला वाचायला मजा येते' म्हणून 'आय एन्जॉय टू रीड', आणि हे चूक आहे, 'एन्जॉय रीडिंग' पाहिजे. अव्हॉइड, फिनिश, माइंड, कीप हे सगळे आयएनजीवाले. वॉन्ट, डिसाइड, होप, प्रॉमिस, रिफ्यूज, अ‍ॅग्री हे टूवाले. काहीजण सांगतात की पुढे करायची गोष्ट असली की टू आणि चालू किंवा झालेली असली की आयएनजी. बऱ्याचदा जुळतंही, पण 'पोस्टपोन' बघा, काम पुढेच ढकललेलं असतं तरी 'पोस्टपोन गोइंग'. त्यामुळे माझं मत विचाराल तर नुसत्या याद्या पाठ करत बसू नका, क्रियापद त्याच्या शेपटासकट एका वाक्यात लक्षात ठेवा.

'सजेस्ट'वाली चूक तर मी रोज बघतो. 'ही सजेस्टेड मी टू टेक लीव्ह' नाही चालत. 'ही सजेस्टेड टेकिंग लीव्ह' म्हणा, नाहीतर 'दॅट आय टेक लीव्ह'. 'अ‍ॅडव्हाइज'ला मात्र 'अ‍ॅडव्हाइज्ड मी टू टेक लीव्ह' चालतं, आता ह्यात न्याय कुठला ते विचारू नका.

अजून एक, 'इंग्रजी शिकण्यासाठी आलो' ह्याचं सरळ 'आय केम फॉर लर्निंग इंग्लिश' होतं. कशासाठी आलो हे सांगताना 'टू लर्न' पाहिजे. वस्तूचा उपयोग सांगताना 'फॉर' बसतो, 'धिस नाइफ इज फॉर कटिंग ब्रेड'. आणि लेट, मेक ह्यांच्या पुढे टू नाहीच, 'लेट मी एक्सप्लेन', बास.

लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट ह्यांना दोन्ही चालतं, डोकं खपवू नका. फक्त 'वुड लाइक' असेल तर टूच.

आता गंमत म्हणजे जिथे टू आणि आयएनजीने अर्थच बदलतो तिथे मराठी आपल्याला मदत करते. 'तो फोन करायला थांबला' म्हणजे 'स्टॉप्ड टू कॉल', 'त्याने फोन करणं बंद केलं' म्हणजे 'स्टॉप्ड कॉलिंग'. 'कुलूप लावायचं लक्षात ठेव' हे 'रिमेंबर टू लॉक', आणि 'कुलूप लावल्याचं आठवतंय' हे 'आय रिमेंबर लॉकिंग'. आधी मनात पूर्ण मराठी वाक्य म्हणा, 'लावायचं' आलं का 'लावल्याचं' आलं ते ऐका, उत्तर तिथेच मिळतं. 'ट्राय'चं पण तसंच, 'ट्राय टू ओपन इट' म्हणजे उघडायची खटपट कर, 'ट्राय रीस्टार्टिंग इट' म्हणजे रीस्टार्ट करून तर बघ.

इथे व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर राहू नका. सिगरेट सोडलेल्या माणसाने 'आय स्टॉप्ड टू स्मोक' लिहिलं तर अ‍ॅप बहुतेक गप्पच बसेल, कारण वाक्य व्याकरणात बरोबर आहे, फक्त वाचणाऱ्याला वाटेल हा सिगरेट ओढायलाच थांबला.