गळून पडणाऱ्या बूस्टरचे पाण्याचे रॉकेट कसे बनवावे

चंद्रयान-३ घेऊन १४ जुलै २०२३ रोजी निघालेल्या इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन्ही कुशींना एस-२०० बूस्टर, म्हणजे सुरुवातीला जोर देणारी जोडरॉकेटे, होती. आतले इंधन जळून गेले की ती गळून पडतात आणि मधला भाग पुढे निघतो. हीच रचना सोड्याच्या तीन प्लास्टिकच्या बाटल्या, पाणी आणि सायकलचा पंप एवढ्यावर आपल्या वावरात उडवता येते. फटाक्याच्या दारूवर चालणारी मोटर मात्र घरी बनवू नका. दिवाळीच्या रॉकेटमधली दारू काढून भरणे तर मुळीच नको. विनापरवाना स्फोटके बनवणे १८८४ च्या स्फोटक कायद्याने गुन्हा आहे (हे काम पाहणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे), आणि ठासलेली दारू नुसती जळेल की फुटेल, हे आधी कळत नाही.

बाटल्या

मधल्या रॉकेटला २ लिटरची एक आणि बूस्टरना ७५० मिलीच्या दोन बाटल्या घ्या. बूस्टरच्या दोन्ही एकाच कंपनीच्या हव्यात. बाटली सोड्याचीच घ्यायची. पिण्याच्या पाण्याची बाटली पातळ असते, दाब धरत नाही. ओरखडा, चेप किंवा पांढरी घडी दिसली तर ती बाटली बाजूला टाका.

बूस्टर लहान का, हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे. तिन्ही बाटल्यांचे तोंड सारखे, आतून सुमारे २१.७ मिमी. दाब सारखा, म्हणून जोरही सारखा: ५० पीएसआयला (टायरची हवा मोजायचे दाबाचे एकक) प्रत्येक तोंडातून सुरुवातीला साधारण २५ किलो. पण बूस्टर हलका असल्यामुळे त्याला पुढे पळायचे असते आणि तो मधल्याला खालून रेटत राहतो. त्यात पाणी थोडे, म्हणून साधारण सेकंदाच्या विसाव्या भागात तो रिकामा होतो. मधल्यात तेव्हा पाणी शिल्लक असते. तो पुढे सरकतो, बूस्टर मागे राहतो. स्प्रिंग नको, दोरा नको.

म्हणूनच बूस्टरला टोकदार नाक लावायचे नाही. बाटलीचे वर येणारे बोथट बूड हवा अडवते आणि सुटायला मदतच करते.

खुंटी आणि खोबण

प्रत्येक बूस्टरवर ५ मिमी जाडीच्या बांबूच्या दोन खुंट्या, टोके वर करून, एकाखाली एक १० सेमी अंतरावर बसवा. मधल्या बाटलीवर त्यांच्यासमोर जुन्या बॉलपेनच्या नळीचे तुकडे येतील. वरचा तुकडा वरून बंद, कारण सगळा रेटा त्यावर येतो. खालचा आरपार, फक्त डोलू न देण्यासाठी. खुंटी १५ मिमी आत गेली की पुरे. प्रत्येक बूस्टरच्या वरच्या खुंटीवर १० किलोच्या आसपास भार येतो, म्हणून नुसत्या डिंकावर भरवसा ठेवू नका. खुंटी आणि नळी पीव्हीसीच्या पट्टीवर बांधा आणि पट्टीवरून धाग्याची चिकटपट्टी बाटलीभोवती पूर्ण तीन वेढे घ्या. बाटलीवर ग्लूगन, मेणबत्ती, सँडपेपर यांपैकी काहीही लावू नका. गरम झालेले किंवा खरवडलेले प्लास्टिक तिथेच फुटते.

खुंटी नळीत सैल हवी आणि बाटल्यांमध्ये ५-६ मिमी फट हवी. दाब भरल्यावर बाटली किंचित फुगते. रिकामी असताना अचूक बसलेला बूस्टर मग अडकून बसतो, आणि एकच सुटला तर रॉकेट आडवे पळते. तपासणी सोपी आहे. रॉकेट उभे धरा, बूस्टर हाताने खोबणीत बसवा आणि हात काढा. दोन्ही आपल्या वजनाने लगेच गळले पाहिजेत. जरा जरी अडले तरी नळी बदला.

पंख, नाक, तोल

पंख चार, फक्त मधल्याला, बूस्टरच्या मधल्या जागांत. दुकानाच्या किंवा निवडणुकीच्या जुन्या फलकाचा पन्हाळीदार प्लास्टिकचा पत्रा उत्तम; १० बाय ८ सेमीचे तुकडे पुरतात. नाकात ७० ग्रॅम चिकणमाती आणि टोकाला अर्धा रबरी चेंडू. खिळा, गोटा, लोखंड नाकात घालायचे नाही.

रिकामे, बूस्टरविना रॉकेट बोटावर तोलून तोलबिंदूची खूण करा. मग रॉकेटच्या बाह्याकृतीचा पुठ्ठा कापून तोही तोला. रॉकेटचा तोलबिंदू पुठ्ठ्याच्या खुणेपेक्षा नाकाकडे निदान एका बाटलीच्या जाडीइतका, म्हणजे ११ सेमी, पुढे हवा. नसेल तर माती वाढवा. बूस्टर गळल्यावर रॉकेटला एकट्यानेच सरळ जायचे असते.

उतरायला कचऱ्याच्या पिशवीची ८० सेमी छत्री, आठ दोऱ्यांची. सैल नाकाखाली ती घडी घालून ठेवा. शिखरावर नाक निसटते आणि छत्री निघते. कधी निघत नाही, हे धरूनच उभे राहायची जागा ठरवा.

तिकाटणे

तिकाटणे म्हणजे रॉकेट उभे करून उडवायची तीन उभ्या नळ्यांची मांडणी. तिच्यासाठी अर्धा इंची, जाड भिंतीचा यूपीव्हीसी पाइप नवा घ्या. बाहेरून तो २१.३ मिमी असतो आणि बाटलीच्या तोंडात बरोबर जातो. उन्हात पडलेला जुना पाइप ठिसूळ होतो. एका टोकाला एल्बो, मध्ये टी, दुसऱ्या टोकाला आणखी एक टी. तिच्या मोकळ्या तोंडातून हवा येते. उभ्या नळ्यांमधले अंतर आपल्या बाटल्या खुंट्यांसह शेजारी ठेवून मोजा, साधारण १० सेमी येते. सांध्यांना पाइप चिकटवायचे सोल्युशन लावल्यावर एक दिवस वाळू द्या, मग सगळे लाकडी फळीवर पक्के करा.

मधली नळी बाटलीच्या तोंडापासून २२ सेमी वर, बाजूच्या १७ सेमी. नळीचे टोक पाण्याच्या वर राहायलाच हवे, नाहीतर पाणी नळ्यांत उतरून एका बाटलीतून दुसरीत जाते. बाटलीच्या तोंडापासून १ सेमी आत येईल अशी १.५ मिमी खोल खाच कानसीने पाडून २ मिमी जाडीची ओ-रिंग (हवा अडवणारे गोल रबरी कडे) बसवा.

पकडीसाठी प्रत्येक नळीभोवती आठ केबल टाय, डोकी वर. ती बाटलीच्या गळ्याच्या कड्यावर अडकतात. क्लिपने टाय नळीला आवळा आणि डोक्यांवरून सुमारे ४० मिमीचा पाइपचा तुकडा सरकवा; नेमके माप टाय आणि बाटली दुकानात सोबत नेऊनच घ्या. दाबाने प्रत्येक बाटली १३ किलो जोराने वर ओढली जाते, तेवढे या टायना धरायचे आहे. तिन्ही तुकडे एका पट्टीला स्क्रूने जोडा आणि दोरी पट्टीच्या दोन्ही टोकांना बांधा. दोरी एकाच बाजूला बांधली तर पट्टी तिरकी होते आणि एक बाटली मागे राहते. बहुतेक उड्डाणे इथेच बिघडतात.

हवेसाठी फवारणीच्या पॉवर पंपाची १० मीटर नळी वापरा. कपाशीच्या गावात ती सहज मिळते. ट्यूबलेस टायरचा वाल्व्ह पंपाच्या टोकाला ठेवा, म्हणजे उड्डाण रद्द करायचे झाल्यास लांबूनच हवा सोडता येईल.

चाचणी आणि उड्डाण

आधी प्रत्येक बाटली काठोकाठ पाण्याने भरून ७५ पीएसआयपर्यंत दाब द्या. पाण्याने भरलेली बाटली फुटली तरी तुकडे फारसे उडत नाहीत.

सोयाबीन निघाल्यावरचे मोकळे वावर, सकाळी ९ च्या आत. विजेच्या तारा, उघडी विहीर, शेजाऱ्याची तूर यांपासून दूर. एप्रिल-मेमध्ये वावटळ असते आणि उन्हात भरलेल्या बाटलीचा दाब आपोआप चढतो, तेव्हा थांबलेलेच बरे.

बाटल्या तोंड वर करून मधल्यात ७०० मिली, बूस्टरमध्ये प्रत्येकी २५० मिली पाणी मापाने भरा. ओ-रिंगला साबणाचे पाणी लावा, फळी उलटी करून तिन्ही नळ्या घाला, टाय अडकवा आणि दोघांनी मिळून सगळे सुलटे करा. थोडे पाणी नळीत उतरते, ते चालते.

पंप मारणाऱ्याने चष्मा घालायचा, बाकीचे ३० मीटरवर धुऱ्याकडे. ५० पीएसआयच्या वर जाऊ नका. दाब भरल्यावर रॉकेटजवळ कोणीही जायचे नाही. गळती दिसली तर हवा सोडून मगच जा. उलटी मोजणी करून दोरी एका झटक्यात ओढा.

पहिली दोन उड्डाणे, बाजूच्या नळ्यांची तोंडे पक्की बंद करून, मधल्या बाटलीची एकटीची करा. बूस्टरची सुटका जमिनीलगतच, डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगात होते, म्हणून मोबाइल स्लो मोशनवर लावा. दोन्ही बूस्टर एकाच चौकटीत सुटताना दिसले की मांडणी जमली. एक उशिरा सुटला तर आधी पाणी मोजा, मग खुंटी पाहा, शेवटी पट्टी.

पडलेल्या बाटल्या सोयाबीनच्या खुंटांवर आपटतात. प्रत्येक उड्डाणानंतर त्या उजेडात धरून पाहा, आणि खरचटलेली बाटली पुन्हा दाबाखाली घेऊ नका.